थोरियम : न पेटणारे इंधन

खेडोपाडी वीज पोचण्याआधी लग्नाच्या वरातीत, जत्रेत, तमाशाच्या फडात आणि आठवडे बाजारात रात्री उजेड असायचा तो गॅसबत्तीचा. खाली रॉकेलची टाकी, तिला हवा भरायचा पंप आणि काचेच्या आत लोंबणारी पांढरी जाळी. या जाळीला मॅन्टल म्हणत. नवे मॅन्टल म्हणजे एक मऊ कापडी पिशवी. ती बांधून एकदा पेटवली की कापड जळून जाई आणि मागे उरे ती बोट लागताच चुरा होणारी राखेची जाळी. उजेड द्यायची ती ही राख, आणि ती जवळजवळ सगळी थोरियम ऑक्साइडची असे. वरातीपुढे बत्ती घेऊन चालणाऱ्या माणसांनी एक किरणोत्सारी मूलद्रव्य रात्र रात्र डोक्यावर वाहिले आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कानावर त्याचे नावही कधी पडले नसेल.

हे मॅन्टल कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने घडवले. १८८५ साली त्याने पहिले पेटंट घेतले तेव्हा त्याच्या जाळीत मॅग्नेशियम, लँथेनम आणि यिट्रियम यांची ऑक्साइडे होती. उजेड हिरवट पडायचा आणि जाळी लवकर मोडायची. १८९१ साली त्याला हवे ते मिश्रण सापडले : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. थोरियम ऑक्साइड ज्योतीत वितळत नाही, शिवाय तापल्यावर उष्णतेचे अदृश्य किरण फार कमी बाहेर टाकते, त्यामुळे जाळीचे तापमान चढत जाते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश मुख्यतः ते चिमूटभर सिरियम देते. सिरियम वाढवले तर उजेड वाढण्याऐवजी घटतो. नव्याने आलेल्या विजेच्या दिव्यांपुढे गॅसचे दिवे पुढची कित्येक वर्षे टिकून राहिले ते या मिश्रणामुळे.

मॅन्टलमध्ये थोरियमचा जो गुण कामी आला, तोच त्याच्या साऱ्या कहाणीत पुन्हा पुन्हा आडवा येतो किंवा मदतीला येतो. थोरियम सहजासहजी बदलत नाही. आगीत त्याचे ऑक्साइड वितळत नाही, आम्लात ते नीट विरघळत नाही, त्याचे अणुकेंद्र अब्जावधी वर्षे क्षय न होता बसून राहते, आणि अणुभट्टीत मंद न्यूट्रॉनचा मारा केला तरी ते फुटत नाही. दिव्यासाठी हा हट्टीपणा उत्तम होता. विजेसाठी तो मोठी अडचण आहे. भारताकडे थोरियमचे एवढे साठे असूनही त्यापासून वीज का मिळत नाही, हा प्रश्न मराठी वाचक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर राजकारणात शोधण्याआधी या धातूच्या स्वभावात शोधले पाहिजे.

बेटावरचा काळा दगड

१८२८ साली नॉर्वेतल्या ब्रेव्हिक गावाजवळच्या लोव्होया बेटावर मॉर्टेन थ्राने एस्मार्क या खनिजांची आवड असलेल्या धर्मोपदेशकाला एक जड, काळा दगड सापडला. त्याचे वडील येन्स एस्मार्क खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनाही तो ओळखता आला नाही, म्हणून त्यांनी नमुना स्टॉकहोमला याकोब बर्झेलियसकडे पाठवला. बर्झेलियस त्या काळातला युरोपचा सर्वांत काटेकोर विश्लेषक. त्याने दगडातून नवे मूलद्रव्य वेगळे केले आणि नॉर्स पुराणातल्या मेघगर्जनेच्या देवाच्या, थोरच्या, नावावरून त्याला थोरियम म्हटले. हे नाव त्याने आधीही एकदा वापरले होते. १८१५ साली दुसऱ्याच एका खनिजात आपल्याला नवे मूलद्रव्य मिळाले असे त्याला वाटले होते, पण पुढे त्यानेच तपासून ते साधे यिट्रियम फॉस्फेट असल्याचे दाखवून दिले. राखून ठेवलेले नाव या वेळी खऱ्या मूलद्रव्याला मिळाले.

पुढची सत्तर वर्षे थोरियम हे एक दुर्मीळ, निरुपद्रवी मूलद्रव्य मानले गेले. १८९८ साली जर्मनीत गेर्हार्ड श्मिट आणि पॅरिसमध्ये मारी क्यूरी या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले की युरेनियमसारखे किरण थोरियममधूनही बाहेर पडतात. मॅन्टल तोवर युरोपभर विकली जात होती.

यानंतर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जे घडले त्याला माझ्या मते रेडियमच्या शोधाइतकेच मोल आहे, जरी शाळेच्या पुस्तकांत त्याला चार ओळीसुद्धा मिळत नाहीत. तिथल्या रदरफोर्ड या भौतिकशास्त्रज्ञाचे सहकारी ओवेन्स थोरियमचा किरणोत्सार मोजत होते आणि मोजमाप काही केल्या स्थिर राहत नव्हते. दार उघडले, वाऱ्याची झुळूक आली की आकडा बदलायचा. घन पदार्थातून येणारे किरण वाऱ्याने का हलावेत? रदरफोर्डने माग काढला आणि त्याला दिसले की थोरियममधून एक किरणोत्सारी वायू सतत पाझरतो आहे. या वायूची तीव्रता साधारण मिनिटाभरात निम्मी होते, पुढच्या मिनिटात उरलेल्याची निम्मी, आणि असेच पुढे. ज्या अर्धायुष्याच्या मापाने आज आपण प्रत्येक किरणोत्सारी पदार्थ ओळखतो ते माप या वायूच्या अभ्यासातून आले. आज त्याला रेडॉन-२२० म्हणतात आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ५६ सेकंद आहे.

मग फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनशास्त्रज्ञ रदरफोर्डला येऊन मिळाला. त्या दोघांनी थोरियममधून एक अतिशय किरणोत्सारी अंश रासायनिक रीतीने वेगळा काढला आणि त्याला थोरियम-एक्स असे नाव दिले. १९०१ च्या नाताळच्या सुट्टीनंतर ते परतले तेव्हा थोरियम-एक्सची तीव्रता ओसरत चालली होती, आणि ज्या थोरियममधून तो काढला होता ते पुन्हा पहिल्यासारखे किरणोत्सारी होऊ लागले होते. याचा एकच अर्थ निघत होता. थोरियम आपोआप दुसरे मूलद्रव्य तयार करत होते, आणि ते दुसरे तिसऱ्यात बदलत होते. मूलद्रव्य कधी बदलत नाही, हा रसायनशास्त्राचा शंभर वर्षांचा पाया इथे सरकला. एरवी एवढे न बदलणारे हे मूलद्रव्य, पण सृष्टीतली मूलद्रव्ये बदलतात हे माणसाला कळले ते त्याच्याकडूनच.

कधीच न संपणारे आयुष्य

थोरियमचा अणुक्रमांक ९०. निसर्गात सापडणारे थोरियम जवळजवळ सगळे थोरियम-२३२ या एकाच समस्थानिकाचे असते : ९० प्रोटॉन आणि १४२ न्यूट्रॉन. धातू चंदेरी, मऊ, शिशापेक्षा किंचित जड. हवेत ठेवला तर हळूहळू काळवंडतो, आणि बारीक पूड केली तर आपोआप पेटूही शकतो. धातू १,७५० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याचे ऑक्साइड वितळायला सुमारे ३,३०० अंश लागतात. सर्व ऑक्साइडांत हा वितळबिंदू सर्वांत वरचा मानला जातो. युरेनियम ऑक्साइडला आणखी ऑक्सिजन मिळाला तर ते तो घेते आणि फुगते. थोरियम ऑक्साइडला मात्र आणखी काही घ्यायचेच नसते. त्याची रासायनिक भूक पुरी झालेली असते.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १,४०५ कोटी वर्षे आहे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. पृथ्वी तयार झाली तेव्हा तिच्यात जेवढे थोरियम होते, त्यातला जेमतेम पाचवा भाग आजवर क्षय पावला आहे. इतका संथ पदार्थ किरणोत्सारी कसा म्हणायचा, असे कोणालाही वाटेल. पण १ ग्रॅम थोरियममध्ये अणूच इतके असतात की दर सेकंदाला त्यांतले सुमारे ४,००० अणू क्षय पावतातच. प्रत्येक अणू सहा अल्फा कण आणि चार बीटा कण टाकत, रेडियम, रेडॉन, बिस्मथ अशा पायऱ्या उतरत अखेर शिसे-२०८ पाशी थांबतो. वाटेत थॅलियम-२०८ नावाची एक पायरी आहे. तिच्यातून निघणारे गॅमा किरण फार भेदक असतात. वाचकांनी ही पायरी लक्षात ठेवावी. पुढे वीज बनवायच्या वेळी ती आपल्याला अडवणार आहे.

आपल्या पायाखालची पृथ्वी आतून गरम आहे त्याला युरेनियम आणि थोरियम यांचा क्षय बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. २००५ साली जपानमधल्या कामिओका खाणीतल्या प्रयोगात पृथ्वीच्या पोटातून येणारे न्यूट्रिनो प्रथमच टिपले गेले. ते याच क्षयातून निघालेले असतात. भूखंड सरकतात, ज्वालामुखी पेटतात, त्यामागच्या ऊर्जेत थोरियमचा वाटा आहे.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात आज थोरियम खालच्या वेगळ्या ओळीत, अ‍ॅक्टिनियमच्या शेजारी बसते. १९४४ पर्यंत ते हाफ्नियमच्या खाली ठेवले जाई, कारण रासायनिक वागणूक तशीच दिसे. अमेरिकेचे ग्लेन सीबोर्ग यांनी अ‍ॅक्टिनियमपासूनच्या मूलद्रव्यांचे एक स्वतंत्र कुटुंब असल्याचे मांडले आणि थोरियमला त्याचे घर मिळाले.

केरळची वाळू, कोकणची वाळू

थोरियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात ते युरेनियमच्या तिपटीहून अधिक आहे. पण ते विखुरलेले असते, आणि एका ठिकाणी गोळा झालेले मिळते ते मुख्यतः मोनाझाइट नावाच्या खनिजात. मोनाझाइट म्हणजे सिरियम, लँथेनम, निओडिमियम या दुर्मीळ मृदा धातूंचे फॉस्फेट. भारतीय मोनाझाइटमध्ये ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते, आणि हे प्रमाण जगातल्या बऱ्याच ठिकाणांपेक्षा चांगले आहे.

भारतातल्या मोनाझाइटचा पत्ता लागला तो काथ्यामुळे. मॅन्टलचा जर्मन उद्योग तेव्हा ब्राझीलच्या वाळूवर चालत होता. १९०९ साली शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाच्या लक्षात आले की त्रावणकोरहून येणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर कण आहेत. तो माग काढत त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आला आणि मनवलकुरिची इथे त्याने वाळू वेगळी करण्याचा कारखाना घातला. हे गाव आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन असल्याने त्याला अटक झाली आणि धंदा इंग्रज कंपनीच्या हाती गेला. त्रावणकोरची वाळू पुढे कित्येक वर्षे परदेशी दिवे उजळत राहिली.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू पाहिलेले वाचक विचारतील, आपल्याकडे का नाही? कारण सह्याद्रीच्या दगडात आहे. महाराष्ट्रातला सह्याद्री बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमध्ये थोरियम फार कमी असते. तो झिजून समुद्राला मिळाला की इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट देतो, म्हणून कोकणची वाळू काळी. केरळ-तमिळनाडूतले आणि पूर्व घाटातले डोंगर मात्र फार जुन्या, खोल भाजून निघालेल्या नाइस आणि चार्नोकाइट खडकांचे आहेत. त्यांच्यात मोनाझाइटचे कण असतात. डोंगर झिजतो, नद्या माती वाहून नेतात, आणि लाटा हलके कण मागे ओढून जड कण किनाऱ्यावर ठेवून देतात. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशा इथले साठे असे लाखो वर्षांत जमले आहेत. अणुऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १.२ कोटी टन मोनाझाइट आहे आणि त्यात सुमारे १० लाख टन थोरियम. महाराष्ट्राचा त्यातला वाटा नगण्य.

या वाळूवर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातल्या करुणागप्पळ्ळी भागात घराच्या अंगणातला नैसर्गिक किरणोत्सार इतर ठिकाणांच्या कित्येक पट असतो. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांचा वर्षानुवर्षे माग ठेवून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला : या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. त्वचेबाहेरचा थोरियमचा कण फारसे नुकसान करू शकत नाही, कारण त्याचे अल्फा कण त्वचेच्या मृत थरापाशीच अडतात. शरीराच्या आत गेलेल्या थोरियमची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे.

औषध म्हणून दिलेले विष

ती गोष्ट थोरोट्रास्टची. १९३० च्या सुमारास थोरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला हा द्रव बाजारात आला. क्ष-किरण चित्रात रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून तो शिरेत टोचला जाई. थोरियमचा अणू जड, त्यामुळे क्ष-किरण चांगले अडवतो. ऑक्साइड रासायनिकदृष्ट्या शांत, त्यामुळे रुग्णाला टोचल्यावर मळमळ नाही, रिअ‍ॅक्शन नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण करणारे पोर्तुगालचे एगाश मोनिझ यांनीही तो वापरला. डॉक्टरांना तो आदर्श वाटला. पण जे विरघळत नाही ते बाहेरही पडत नाही. थोरियमचे कण यकृतात, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत जाऊन बसले आणि रुग्ण जिवंत असेपर्यंत आतून अल्फा कणांचा मारा करत राहिले. वीस-तीस वर्षांनी यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण दिसू लागले, त्यात एरवी क्वचित आढळणारा रक्तवाहिन्यांचा कर्करोगही होता. १९५० च्या दशकात वापर थांबला, परंतु तोवर जगभर लाखो लोकांना तो टोचून झाला होता. धोक्याचे इशारे सुरुवातीच्या काळातच दिले गेले होते. तत्काळ त्रास होत नाही एवढ्या एका गोष्टीवर विसंबून ते दुर्लक्षित राहिले, हे मला अक्षम्य वाटते.

याच काळात जर्मनीत थोरियम घातलेली दंतमंजनेही विकली गेली. तिथे किरणोत्सार हा आरोग्यदायी म्हणून जाहिरातीत मिरवला जाई.

इतर उपयोग शहाणपणाचे होते. बल्बच्या टंगस्टन तारेत थोडे थोरियम ऑक्साइड घातले की तार ठिसूळ होत नाही. भिंगाच्या काचेत घातले की प्रकाश जास्त वळतो आणि रंग कमी फुटतात, म्हणून १९४० ते १९७० च्या दशकांतल्या कित्येक नामांकित कॅमेरा-भिंगांत ते सापडते. अशी जुनी भिंगे किरणोत्साराने पिवळी पडतात; अतिनील प्रकाशात ठेवली की बऱ्याच अंशी पुन्हा स्वच्छ होतात. आरगॉन वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन काडीत २ टक्के थोरियम ऑक्साइड असते. त्यामुळे काडीतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, आर्क चटकन धरतो आणि टोक टिकते. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. काडी वापरताना धोका नाही, तो आहे ग्राइंडरवर टोक काढताना उडणाऱ्या धुळीत. धूळ ओढून घेणारी सोय आणि तोंडाला मास्क हवा. त्याहून बरे म्हणजे लँथेनम घातलेली काडी घ्यावी, ती तितकेच चांगले काम करते. गॅसबत्तीचे जुने मॅन्टल बदलतानाही राख फुंकू नये आणि नंतर हात धुवावेत. परदेशात कित्येक उत्पादक आता यिट्रियमचे मॅन्टल बनवतात.

दूध आणि विरजण

आता विजेकडे येऊ. अणुभट्टीत इंधन म्हणून वापरायचे तर मंद न्यूट्रॉन लागताच अणुकेंद्र फुटले पाहिजे आणि फुटताना नवे न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत. निसर्गात ही अट पुरी करणारा उपयोगी समस्थानिक एकच, युरेनियम-२३५, आणि तो नैसर्गिक युरेनियमच्या शंभर भागांत एक भागही नसतो. थोरियम-२३२ ला न्यूट्रॉन दिला तर ते फुटत नाही, तो गिळून बसते. त्यातून होते थोरियम-२३३, जे सुमारे २२ मिनिटांच्या अर्धायुष्याने प्रोटॅक्टिनियम-२३३ बनते, आणि ते २७ दिवसांच्या अर्धायुष्याने युरेनियम-२३३ बनते. हे युरेनियम-२३३ मात्र उत्तम इंधन आहे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखले.

दूध कितीही असले तरी त्याचे दही लावायला विरजण लागते, आणि विरजण आधीच्या दह्यातूनच घ्यावे लागते. थोरियमचे तसेच आहे. पहिला न्यूट्रॉन कुठून तरी आणावाच लागतो, म्हणजे युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम जाळणारी भट्टी आधी हवी. एकदा पुरेसे युरेनियम-२३३ जमले की त्यातून निघणारे न्यूट्रॉन नवे थोरियम विरजू शकतात. मंद न्यूट्रॉनच्या भट्टीत युरेनियम-२३३ प्रत्येक गिळलेल्या न्यूट्रॉनमागे सरासरी सुमारे २.३ न्यूट्रॉन परत देते. एक साखळी चालवायला, एक नवे इंधन घडवायला, आणि गळतीला अगदी थोडे उरते. हे कागदावर नाही, प्रत्यक्षात होते हे अमेरिकेतल्या शिपिंगपोर्ट भट्टीने १९७७ ते १९८२ या काळात सिद्ध केले. शेवटी तपासले तेव्हा सुरुवातीला होते त्यापेक्षा सुमारे सव्वा टक्क्याहून अधिक विखंडनशील इंधन तिच्या गाभ्यात निघाले. वाढ अगदी छोटी आहे, हेही तितकेच खरे.

यापुढे थोरियमचा हट्ट सुरू होतो. वापरलेल्या इंधनातून युरेनियम-२३३ काढायचे तर थोरियम ऑक्साइड आम्लात विरघळवावे लागते, आणि ते नुसत्या नायट्रिक आम्लाला दाद देत नाही. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाचा अंश घालावा लागतो, आणि ते आम्ल भांड्यांनाच खाऊ लागते. दुसरे, भट्टीत युरेनियम-२३३ बरोबर थोडे युरेनियम-२३२ ही तयार होते. त्याच्या क्षयमालिकेत ती थॅलियम-२०८ ची पायरी येते आणि तिच्या भेदक गॅमा किरणांमुळे इंधनाला हात लावता येत नाही. सगळे काम जाड भिंतींमागून यंत्राच्या हातांनी करावे लागते. या किरणांमुळे अशा इंधनापासून बॉम्ब बनवणे अवघड जाते, अशक्य होत नाही. १९५५ साली अमेरिकेने युरेनियम-२३३ वापरून एक चाचणी केलीही होती. अणुकचऱ्यातही प्लुटोनियमसारखी दीर्घायुषी मूलद्रव्ये बरीच कमी होतात, परंतु प्रोटॅक्टिनियम-२३१ सारखे हजारो वर्षे टिकणारे काही उरतेच. थोरियमला पूर्णपणे स्वच्छ आणि निर्धोक म्हणणारे लेख समाजमाध्यमांवर फिरतात, ते वाचकांनी या माहितीच्या जोडीने वाचावेत.

थोरियम द्रवरूप क्षारात विरघळवून चालवायची भट्टी हा आणखी एक मार्ग. अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये १९६५ ते १९६९ या काळात वितळलेल्या क्षाराची भट्टी चालली आणि १९६८ साली ती युरेनियम-२३३ वरही चालवून पाहिली. त्या भट्टीच्या गाभ्यात थोरियम मात्र नव्हते. चीनने गान्सू प्रांताच्या वाळवंटात २ मेगावॉट उष्णता देणारी अशी प्रायोगिक भट्टी उभारली. ती २०२३ साली सुरू झाली आणि पुढे तिच्यात थोरियमही घातले गेले.

ट्रॉम्बेची तीन पावले

युरेनियम थोडे आणि थोरियम भरपूर, हे भारताचे चित्र होमी भाभांनी स्वातंत्र्य मिळताच ओळखले होते. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, १९५२ मध्ये केरळात आलुव्याचा मोनाझाइट कारखाना सुरू झाला आणि १९५५ साली मुंबईच्या ट्रॉम्बेला थोरियम संयंत्र. आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ त्याच ट्रॉम्बेला सुरू झाली ती त्यानंतर एका वर्षाने.

१९५४ साली दिल्लीच्या परिषदेत भाभांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांच्या भट्ट्या. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या याच जातीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. त्यांच्या राखेतून प्लुटोनियम काढायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम द्रुत प्रजनक भट्ट्यांत जाळायचे, इंधन वाढवत न्यायचे, आणि वाढ पुरेशी झाली की भट्टीभोवती थोरियम ठेवून युरेनियम-२३३ साठवायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियम. मधला टप्पा गाळता येत नाही, कारण थोरियम-युरेनियम-२३३ ची जोडी जेमतेम स्वतःपुरते इंधन घडवते. भट्ट्यांची संख्या भराभर वाढवण्याइतकी शिल्लक ती टाकत नाही. ती वाढ प्लुटोनियमवर चालणाऱ्या द्रुत भट्ट्याच करू शकतात. थोरियम घाईने आणले तर एकूण वाढच मंदावते.

छोट्या प्रमाणावर भारताने हा रस्ता चालून पाहिला आहे. १९८४ साली ट्रॉम्बेच्या ‘पूर्णिमा-२’ मध्ये युरेनियम-२३३ च्या द्रावणात साखळी प्रक्रिया घडवली. कल्पक्कमची ‘कामिनी’ १९९६ साली सुरू झाली. केवळ ३० किलोवॉटची ही भट्टी युरेनियम-२३३ वर चालते आणि न्यूट्रॉनच्या साहाय्याने यंत्रभागांची आतली चित्रे घ्यायला वापरली जाते. गुजरातमधल्या काक्रापारच्या भट्ट्या सुरू करताना गाभ्यातली उष्णता सगळीकडे सारखी राहावी म्हणून थोरियमची बंडले वापरली गेली. अनिल काकोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात ३०० मेगावॉटच्या प्रगत जड पाणी भट्टीचा आराखडा केला, जिच्या विजेचा मोठा हिस्सा थोरियमपासून यायचा होता. आराखड्याची तपासणी करणारी छोटी प्रायोगिक भट्टी २००८ साली ट्रॉम्बेला चालू झाली. मूळ भट्टी अजून बांधलेली नाही.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. कल्पक्कमच्या ५०० मेगावॉट द्रुत प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ साली सुरू झाले आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. द्रव सोडियमने थंड करायची एवढी मोठी भट्टी बनवणे जगात फार थोड्यांना जमले आहे, त्यामुळे विलंबाची कारणे समजू शकतात. पण असा एकेक नमुना वीस वर्षांनी पुढे सरकत असेल तर तिसरा टप्पा आपल्या नातवंडांच्याही हाती लागणार नाही.

भाषणांत येणारे आकडे मी म्हणून जपून वापरतो. १ ग्रॅम जड अणूंचे पूर्ण विखंडन केले तर सुमारे २४,००० युनिट उष्णता मिळते, म्हणजे साधारण ८,००० युनिट वीज. १० लाख टनांनी गुणले तर देशाची आजची गरज हजारो वर्षे भागेल असे उत्तर येते. गुणाकार बरोबर आहे. पण त्यात वाळू किनाऱ्यावरून काढण्याचा, विरजणाचा, विरघळवण्याचा आणि भिंतीमागे इंधन घडवण्याचा हिशेब धरलेला नाही, आणि आज भारताच्या विजेत थोरियमचा वाटा मोजण्याइतकाही नाही. मोनाझाइट खणण्यामागे आत्ता खरी ओढ आहे ती त्यातल्या निओडिमियमची, विजेच्या गाड्यांच्या मोटारींतल्या चुंबकांसाठी. थोरियम त्याबरोबर निघते आणि साठवून ठेवले जाते.

माझे मत असे की तिसऱ्या टप्प्याची वाट बघत बसण्यापेक्षा आहे त्या जड पाणी भट्ट्यांत, थोडे समृद्ध युरेनियम विरजण म्हणून घालून, थोरियम आताच वापरायला सुरुवात करावी. काकोडकरही गेली काही वर्षे या दिशेने आग्रह धरत आहेत. वीज थोडी मिळेल, पण थोरियम इंधन बनवणे, किरणोत्सारी अवस्थेत हाताळणे आणि विरघळवणे याचा जो अनुभव लागतो तो कागदी आराखड्यातून मिळत नाही.

अडलेली कामे भौतिकशास्त्रापेक्षा रसायनशास्त्र, धातुशास्त्र आणि यंत्रमानवशास्त्राची आहेत : थोरियम ऑक्साइड कमी आम्लात कसे विरघळवावे, त्याला टिकणारे भांडे कशाचे करावे, भिंतीमागे इंधनाच्या गोळ्या माणसाविना कशा दाबाव्यात. भाभा केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे आणि तिच्या प्रवेशाची जाहिरात दर वर्षी निघते. या विषयांचे पदवीधर असलेल्या मराठी मुलामुलींनी ती जाहिरात अवश्य पाहावी.